लाल पट्टीपर्यंत

फोनच्या डाव्या कडेला ढोबळे मॅडमनी
लाल इन्सुलेशन टेप चिकटवून दिली.
म्हणाल्या, भोयरजी, लाल दिसेपर्यंत मान वळवत राहायची.
लाल दिसलं की समजायचं,
फोन इथून सुरू होतो.

मी म्हटलं, टेप कशाला? मला पूर्ण दिसून राहिलं.
आणि खरंच, पूर्णच दिसत होतं.
तीच तर गोची आहे.
अर्धं दिसलं असतं
तर अर्धं गेलेलं कळलं असतं.

मानेवाड्याच्या सिमेंट रोडवर स्कूटर कशी घसरली
हे मला इतरांनी सांगितलेलं आहे.
एकवीस दिवस धंतोलीत.
डोक्याच्या उजव्या बाजूला टाके, आणि डावीकडचं जग
कोणीतरी न विचारता उचलून नेलेलं.
टपरीवर अर्धेच तर्री-पोहे खाऊन हात धुवायचो,
म्हणायचो, प्लेट लहान केली का रे गज्जू?
गज्जू काही बोलायचा नाही.
प्लेट फिरवून पुढे ठेवायचा.
परत पोहे!

अठरा वर्षं मी मीटर वाचले.
जिन्याखालचे, जाळ्यातले, बांधलेल्या कुत्र्यामागचे,
काच धुरकटलेले.
टॉर्च मारायचा, एका नजरेत पाच आकडे,
दारातल्या बाईशी बोलता बोलता वहीत.
आता सहा आकड्यांचा ओटीपी
मेसेजमधून निघतो
आणि बोटापर्यंत येता येता सांडतो.
पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवा.
तीनदा चुकलं की बँक म्हणते, चोवीस तास थांबा.
मी थांबतो.
थांबण्यात आता माझा हात कोणी धरणार नाही.

तोंडी सांगूनही पाहिलं.
"वसुधाला फोन" म्हटलं, आणि "लाव" शोधायला आत गेलो.
बाहेर आलो तोवर यंत्रातली बाई
माफी मागून निघून गेली होती.
वसुधा थांबते.
कधी कधी वसुधाही थांबत नाही,
माझ्या तोंडातलं वाक्य काढून घेते, पूर्ण करते,
आणि मग कूलरमध्ये पाणी टाकायला जाते,
कूलर भरलेला असतानाही.

केतकी म्हणाली, बाबा, पिन बदलून टाकू.
एक, चार, सात सापडत नाहीत नं तुम्हाला?
सगळे उजव्या रांगेतले ठेवू.
किती विचार करून काढलं होतं पोरीनं.
मी चिडलो. ताट सरकवलं.
जुन्या पिनमध्ये दोनदा चार आहे, एकदा सात
(उरलेला सांगत नाही, पिन आहे शेवटी).
म्हटलं, आज आकडे काढाल,
उद्या माझ्या डाव्या हाताला बसलेलं माणूस काढाल.

डाव्या हाताला तीच बसली होती.
हे मला नंतर सांगितलं.

रविवारी एकटा गेलो टपरीवर.
पोहे, चहा, पंचेचाळीस रुपये.
फोन काढला, कोड धरला, आकडे दाबले, पिन.
पिनला वेळ लागला. मान वळवली, लाल,
लालला खेटून चार. परत लाल. परत चार.
मागचा पोरगा म्हणाला, काका, मी करून देऊ?
गज्जू म्हणाला, राहू दे बे, करून राहिले नं ते.
आणि गज्जूची डबी अख्ख्या चौकाला ओरडून म्हणाली,
पाच रुपये मिळाले.

पाच!
सगळे हसले. मीही, थोडं उशिरा.
गज्जू म्हणाला, बाकीचे चाळीस
डावीकडे असतील साहेब, पाहून घ्या.

पाहिलं.
उन्हानं टेपचं एक टोक सुटायला लागलंय,
ते अंगठ्यानं दाबून बसवलं.
लाल. चार. शून्य. मग पुन्हा तो सगळा पिन.
डबी ओरडली.

पोरगा म्हणाला, झालं नं काका, सरका आता.
मी म्हटलं, थांब जरा,
प्लेट फिरवायची राहिली.